तिसरी पिन कापायची नाही



शाळेच्या पत्रिकेत प्राचार्यांनी निकालांवर, संस्कारांवर किंवा येऊ घातलेल्या स्नेहसंमेलनावर लिहावे, अशी रीत आहे. या वेळी मी प्लगच्या एका पिनेवर लिहिणार आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे ज्याला आपण सगळे सीआरओ म्हणतो त्याच्या, तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड आणि लांब पिन कापून टाकावी, अशी सूचना शाळेकडे आली आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे आणि ती करणाऱ्या पालकांचा विजेच्या कामाचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, हे आधीच नमूद करते. तरीही माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे आणि ते का, हे सगळ्यांसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न आला कुठून? बारावीच्या एका गटाला विज्ञान प्रदर्शनासाठी इन्व्हर्टरचे मॉडेल करायचे आहे. चार मॉसफेट, दोन वर, दोन खाली, मध्ये लोड, अशी ती रचना असते. तिला एच-ब्रिज म्हणतात. खालच्या दोन मॉसफेटना मिळणारा इशारा सीआरओवर सहज दिसतो. वरच्या, म्हणजे हाय-साइडच्या मॉसफेटचा इशारा मात्र पाहता येत नाही, कारण तो जमिनीपासून मोजायचाच नसतो.

हे थोडे सविस्तर सांगते, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. माझे विज्ञानाचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आम्हाला 'विभवांतर' हा शब्द शिकवला गेला आणि मराठीतही तोच शब्द आहे. या शब्दात 'अंतर' आहे. व्होल्ट हे नेहमी दोन बिंदूंमधले असतात, एका बिंदूला स्वतःचे व्होल्ट नसतात. इंग्रजीतून 'व्होल्टेज' म्हणायला लागलो की हे अंतर विसरायला होते. वरच्या मॉसफेटच्या गेट आणि सोर्स या दोन टोकांमध्ये साधारण १२ व्होल्टचे अंतर पडले की तो चालू होतो. पण त्याचे सोर्सचे टोक स्वतः स्थिर नसते. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह डायोडच्या ब्रिजमधून घेऊन कपॅसिटर भरला, तर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळते. सोर्सचे टोक शून्यावरून ३२५ वर आणि परत शून्यावर, सेकंदाला हजारो वेळा, उड्या मारत असते. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या मुलाची उंची मोजायची तर टेप लिफ्टच्या फरशीवर टेकवावी लागते. रस्त्यावरून मोजायला गेलो तर मूल किती उंच आणि लिफ्ट किती वर, हे वेगळे करता येत नाही.

आणि सीआरओची टेप रस्त्यालाच बांधलेली असते. प्रोबच्या टोकाशी जी छोटी काळी क्लिप असते, ती आतून बीएनसीच्या धातूच्या कड्याला, कडे पेटीच्या लोखंडी सांगाड्याला आणि सांगाडा त्या तिसऱ्या पिनेमार्गे अर्थिंगला जोडलेला असतो. दोन चॅनल असले तरी दोन्ही क्लिपा आत एकच असतात. ही क्लिप मुले 'मायनस' समजतात. ती मायनस नाही, ती पृथ्वी आहे.

आता ही क्लिप थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या सर्किटच्या मायनसला लावली तर काय होईल? आपल्या डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. डायोडच्या ब्रिजचे मायनस टोक अर्ध्या आवर्तनात न्यूट्रलशी आणि उरलेल्या अर्ध्यात फेजशी डायोडमार्गे जोडलेले असते. म्हणजे क्लिप लागल्यापासून २० मिलिसेकंदांच्या आत फेज आणि जमीन यांच्यामध्ये फक्त एक डायोड आणि प्रोबची बारीक तार उरते. मग मोठा आवाज होतो. क्लिप वितळते, डायोड फुटतो, एमसीबी पडतो आणि नशीब वाईट असेल तर सीआरओच्या आतला अर्थचा पट्टाही जळतो. हाय-साइडच्या सोर्सला क्लिप लावली तरी गोष्ट तीच. इंडक्शन शेगडी, एलईडीचा बल्ब, मोबाइलच्या चार्जरची आतली पहिली बाजू, या सगळ्यांत हीच रचना असते. मोबाइलवर दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून घरी शेगडी उघडणारी मुले आपल्या शाळेतही आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

तर हा आवाज होऊ नये यासाठीचा गावठी उपाय म्हणजे तिसरी पिन कापणे, किंवा तीनचे दोन करणारा कनव्हर्टर लावणे. पिन कापली की सीआरओचा जमिनीशी संबंध तुटतो, क्लिप कुठेही लावता येते, आवाज होत नाही, पडद्यावर आकृतीही येते. आवाज न होणे हाच या उपायाचा धोका आहे. आधी वीज क्लिपेतून जमिनीत जाऊन एमसीबी पाडत होती. आता ती सीआरओच्या पेटीवर येऊन थांबते. क्लिप ज्या बिंदूला लावली, त्या बिंदूचे सगळे व्होल्ट पेटीचे स्क्रू, दुसऱ्या चॅनलचे कडे, मागची यूएसबीची खाच, या सगळ्यांवर असतात. एक जण मोजतो आहे आणि दुसरा पेन ड्राइव्ह लावायला हात पुढे करतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. त्याचा दुसरा हात पाण्याच्या नळावर किंवा लोखंडी कपाटावर असू शकतो.

"आमचे आयुष्य असेच काम करण्यात गेले, काही झाले नाही" असे म्हणणारे कारागीर मला भेटले आहेत आणि मी त्यांना खोटे ठरवत नाही. रात्री दुकानात एकटा बसलेला, एक हात खिशात ठेवून काम करणारा आणि पेटीला हात लावायचा नाही हे पक्के ठाऊक असलेला माणूस तसे करू शकतो. वर्गात मात्र टेबलाभोवती सात-आठ जण असतात. शिवाय ज्याने पिन कापली तो मुलगा जूनमध्ये शाळा सोडून जातो आणि सीआरओ फळीवर तसाच राहतो. पुढच्या वर्षी नववीतला कोणी तो प्लग लावतो तेव्हा त्याला यातले काहीच माहीत नसते.

एक तांत्रिक मुद्दा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांसाठी. पिन कापून घेतलेले माप बरोबरही येत नाही. सीआरओच्या पुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल या दोघांपासून सांगाड्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की त्यांच्यामुळे काहीही न जोडतासुद्धा पेटीवर सुमारे निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दिसतो. ज्यांच्या जुन्या घरात अर्थिंग नाही त्यांना कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावल्यावर येणारी झिणझिण माहीत असेल, ती हीच. आता क्लिप सोर्सच्या टोकाला लावली की हा सगळा कपॅसिटर आणि भलीमोठी लोखंडी पेटी त्या उड्या मारणाऱ्या टोकाच्या गळ्यात पडते. इशाऱ्याच्या कडा बोथट होतात, त्यांवर लहरी उठतात. विद्यार्थी त्या लहरी सर्किटचा दोष समजून शोधत बसतो. जीव धोक्यात घालून मिळवलेले माप चुकीचे असेल तर त्याचा उपयोग काय?

मग करायचे काय? मार्ग आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा आहे.

बिनखर्चाचा मार्ग म्हणजे दोन प्रोब वापरणे. एक गेटवर, दुसरा सोर्सवर, दोन्ही क्लिपा काढून बाजूला ठेवायच्या आणि सीआरओला दुसरा चॅनल पहिल्यातून वजा करायला सांगायचे. जुन्या सीआरओवर दुसरा चॅनल उलटा करून 'अ‍ॅड' दाबतात, नव्यात 'मॅथ' मध्ये जातात. तिसरी पिन जागेवर राहते. हे तत्त्व उत्तम आहे आणि मुलांना शिकवलेच पाहिजे. पण दहापट प्रोबमध्ये एक टक्क्याचा फरक असला तरी ३२५ वर तो सव्वातीन व्होल्ट होतो आणि आपल्याला पाहायचे आहेत फक्त १२. डिजिटल सीआरओची आणखी एक अडचण आहे. बहुतेक साधे सीआरओ उभ्या पडद्याचे २५६ भाग करतात. प्रत्येक चौकोनाला ५० व्होल्ट ठेवले तर आठ चौकोनांचे ४०० व्होल्ट होतात आणि एक पायरी दीड व्होल्टपेक्षा मोठी पडते. म्हणजे १२ व्होल्टचा इशारा जेमतेम आठ पायऱ्यांत मावतो. चालू-बंद कळेल, आकार कळणार नाही. प्रोबवर आणि बीएनसीजवळ कमाल व्होल्ट छापलेले असतात, तेही आधी वाचावेत. प्रोबचा आकडा मोठा असतो म्हणून पेटीचाही असेल असे नाही.

दुसरा मार्ग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. यात २३० आत आणि २३०च बाहेर, पण मध्ये तारेचा संबंध नाही. इथे एक नियम पाटीवर लिहून लावायला हवा. आयसोलेशन करायचे ते तपासायच्या सर्किटचे, सीआरओचे कधीही नाही. मग सीआरओचा अर्थ शाबूत राहतो आणि क्लिप एका ठिकाणी लावता येते. एकाच ठिकाणी, कारण दुसरी क्लिप वेगळ्या बिंदूला लावली की दोन बिंदू सीआरओच्या आतून जोडले गेले. आणि ज्या क्षणी क्लिप लागली, त्या क्षणी सर्किट अधांतरी राहिले नाही, तो बिंदू जमीन झाला. बाकीच्या बिंदूंना हात लावला तर झटका तेवढाच बसेल आणि फरकाचा प्रवाह ओळखून तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तो पाहूसुद्धा शकणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखाच आहे.

ओघात एक गैरसमज दूर करते. डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. घरचा स्टॅबिलायझर बहुधा नव्हे. इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बल्बचा बोर्डही नव्हे. डिमरस्टॅटमध्ये एकच गुंडाळी असते आणि तिचे एक टोक थेट लाइनला असते. सिरीज बल्ब प्रवाह आवरतो, त्यामुळे फटाका फुटत नाही, पण माणसाला मारायला जेवढा प्रवाह लागतो तेवढा त्यातून आरामात जातो.

तिसरा आणि माझ्या मते योग्य मार्ग म्हणजे डिफरेन्शियल प्रोब. त्याला लाल आणि काळ्या अशा दोन लांब, पूर्ण वेष्टण असलेल्या तारा असतात. दोन्ही टोकांच्या वाटेत काही मेगाओहमचा रोध असतो. तो दोन बिंदूंमधले अंतर आतच काढतो आणि फक्त ते अंतर, लहान करून, सीआरओला देतो. क्लिपेचा प्रश्नच येत नाही. दोन्ही टोके मिळून जो दाब वर-खाली होतो तो तो किती नाकारतो, हे त्याच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेले असते. ५० हर्ट्झला ८० डेसिबल म्हणजे दहा हजारास एक. ३२५ व्होल्टच्या उडीतून तीन-चार शतांश व्होल्टच चूक म्हणून झिरपते. वारंवारता वाढली की ही क्षमता घटते, म्हणून मेगाहर्ट्झच्या पुढचा आकडाही पाहून मगच खरेदी करावी. आणि प्रत्येक मापाआधी एक साधी चाचणी करावी. लाल आणि काळी दोन्ही टोके सोर्सच्या एकाच बिंदूवर लावायची. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी. जे काही वळवळताना दिसेल तेवढे खोटे, ते नंतरच्या मापातून मनात वजा करायचे. दोन प्रोबच्या वजाबाकीलाही हीच चाचणी लागू आहे.

बॅटरीवर चालणारा हातात धरायचा छोटा स्कोप हाही पर्याय सुचवला गेला. त्यात फरक करायला हवा. ज्याची चॅनल एकमेकांपासून आणि पेटीपासून वेगळी केलेली आहेत आणि ज्याची कडीसुद्धा प्लॅस्टिकमध्ये झाकलेली आहेत, तो या कामासाठीच बनवलेला असतो. स्वस्तातल्या खेळण्यावजा स्कोपचे उघडे धातूचे कडे हे पिन कापलेल्या सीआरओच्या पेटीसारखेच. चार्जिंगची वायर लावलेली असेल तर तो अधांतरीसुद्धा नसतो.

आता विश्वस्तांसाठी. यंदा प्रयोगशाळेसाठी दुसरा सीआरओ घ्यावा असा प्रस्ताव आहे. माझी विनंती आहे की तो पुढच्या वर्षावर ढकलावा आणि त्या रकमेत एक डिफरेन्शियल प्रोब आणि एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. चांगल्या प्रोबची किंमत साध्या सीआरओच्या जवळपास जाते, हे मला माहीत आहे. तो फोटोत दिसत नाही, त्याच्यापुढे फीत कापता येत नाही, देणगीदाराच्या नावाची पाटी लावायलाही त्यावर जागा नाही! पण दोन सीआरओ आणि एकही सुरक्षित प्रोब नाही, अशी स्थिती आली की पिन कापण्याचा मोह दुप्पट होतो.

त्याहीआधी एक काम आहे. आपली इमारत जुनी आहे. अनेक खोल्यांत बोर्डावर तीन भोके आहेत, पण तिसऱ्यामागे तार आहे का, आणि असल्यास ती मैदानाच्या कडेच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पोचते का, हे तपासलेले नाही. आपल्या माळव्यात मे महिन्यात जमीन कशी कोरडी पडते हे सांगायला नको. कोळसा आणि मीठ घातलेल्या खड्ड्यात पूर्वी उन्हाळ्यात शिपाई पाणी ओतत असत, ती पद्धत मागे पडली आहे. अर्थिंगच नसेल तर पिन कापलेली काय आणि असलेली काय, सारखेच. परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थचा रोध मोजून घेणे आणि प्रयोगशाळेच्या लाइनवर आरसीसीबी बसवणे, हे प्रोबच्याही आधी व्हावे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला वाटेल की बाईंनी प्रकल्पच बंद केला. बंद केलेला नाही, व्होल्ट कमी केले आहेत. एच-ब्रिज १२ व्होल्टच्या बॅटरीवर छोटी मोटर लावून करा. वरच्या मॉसफेटची अडचण तिथेही हुबेहूब तीच आहे. सोर्स शून्य ते १२ मध्ये उड्या मारेल आणि गेटला २४ च्या आसपास न्यावे लागेल. ड्रायव्हर आयसीचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर कसा भरतो, तेही दिसेल. दोन प्रोबची वजाबाकी इथे छान चालते, कारण एक टक्क्याची चूक आता एक दशांश व्होल्टच्या आसपासच आहे. मात्र इथेही क्लिपा मनाला येईल तशा लावू नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण दोन क्लिपा बॅटरीच्या दोन टोकांवर पोचल्या तर प्रोबची तार लाल होऊन जळते. आणि सर्किटला प्रोग्रॅम टाकण्यासाठी डेस्कटॉप कॉम्प्युटरची यूएसबी लावली असेल, तर कॉम्प्युटरच्या अर्थमार्गे तुमचे सर्किट आधीच जमिनीला बांधलेले आहे, हे विसरू नका.

३२५ व्होल्टचे सर्किट प्रदर्शनात लागणार नाही. ज्यांना ते खरोखर करायचे आहे त्यांनी इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत, शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली करावे. शाळेत त्याची आकृती आणि हिशोब वहीत पूर्ण असला की मला पुरे.

ज्या पालकांनी सूचना केली होती त्यांनाच मी या गटाचे मार्गदर्शक होण्याची विनंती केली आहे आणि त्यांनी, थोडे हसून, ती मान्य केली आहे. प्रयोगशाळेतील तीनचे दोन करणारे कनव्हर्टर कार्यालयात जमा करण्यात येत आहेत. घरून कोणी आणलेला असेल तर तो येत्या शनिवारपर्यंत परत न्यावा.